स्कॅनरची शिदोरी

बालमित्रांनो, ‘आजोबा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरी टोपी, हातात काठी आणि खिशात तुमच्यासाठी लपवलेला खाऊ! पण आज मी ज्या आजोबाची ओळख करून देणार आहे, त्याला चार पाय होते, लांब शेपूट होती आणि अंगभर ठिपके होते. ओळखलंत ना? हा आजोबा म्हणजे एक बिबट्या!

२००९ सालची गोष्ट. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर नावाचं गाव आहे. तिथे हा बिबट्या पकडला गेला. वन्यजीवांच्या अभ्यासक विद्या अत्रेया आणि वनखात्याची माणसं यांनी त्याच्या गळ्यात एक खास पट्टा बांधला आणि त्याला जुन्नर तालुक्याला लागून असलेल्या माळशेज घाटात सोडलं. आपण कुठे आहोत हे उपग्रहांच्या मदतीने शोधायचं आणि मोबाईलच्या संदेशासारखा निरोप पाठवायचा, हे त्या पट्ट्याचं काम. आणि काय सांगू! आजोबा चालत चालत, रस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर दूर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. पुढे २०१४ साली त्याच्यावर ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपटही आला.

आता थोडी वाईट बातमी. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून एक बिबट्या मेला. हा बिबट्या कोण, हे कसं ओळखायचं? बिबट्याच्या खिशात काही ओळखपत्र नसतं! पण या बिबट्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप होती. त्या चिपमधला क्रमांक वाचला गेला आणि कळलं की हा तर आपला आजोबा!

अशी चिप वाचायला एक हातात धरायचा स्कॅनर लागतो. तो प्राण्याच्या अंगावरून हळूहळू फिरवायचा. चिपच्या जवळ आला की क्रमांक पडद्यावर उमटतो.

आता मला सांगा, त्या चिपमध्ये बॅटरी असते का? नसते. एक थेंबभरसुद्धा वीज तिच्याजवळ नसते. ती बोलते ती स्कॅनरने दिलेल्या विजेवर. म्हणजे स्कॅनरच्या बॅटरीत दम असेल तरच चिप बोलणार. बॅटरी उतरलेली असेल, तर क्रमांक तिथेच असूनही आपल्याला कळणार नाही.

म्हणूनच आज आपण हातातल्या स्कॅनरची शिदोरी, म्हणजेच त्याची बॅटरी, जरा उघडून बघू या. उघडून म्हणजे डोक्याने हं! स्क्रूड्रायव्हर घेऊन नव्हे!

टुंग करणारी यंत्रं

स्कॅनर बघायला काही दूर जायला नको. मंचरच्या किंवा नारायणगावच्या एखाद्या मोठ्या दुकानात जा. साबणाची वडी दुकानदारकाकांनी स्कॅनरसमोर धरली की ‘टुंग’ असा आवाज होतो आणि किंमत पडद्यावर येते. साबणावर ज्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा असतात, तो बारकोड. स्कॅनर त्याच्यावर प्रकाश टाकतो. काळी रेघ प्रकाश गिळते, पांढरी जागा परत पाठवते. परत आलेल्या प्रकाशाच्या कमीजास्त होण्यावरून यंत्र आकडे ओळखतं. दुकानात अशी वस्तू पहिल्यांदा स्कॅन झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय या गावी. आणि ती वस्तू कोणती होती? च्युइंगमचं पाकीट!

तुमच्या गोठ्यातल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे का? त्याच्यावर १२ आकडी क्रमांक असतो आणि सोबत बारकोडही असतो. जुन्नर-आंबेगावात घरोघरी दूध आहे, तेव्हा हा बिल्ला तुम्ही नक्की पाहिला असणार. कुरियरवाले दादा पुडक्यावर जे यंत्र धरतात, तेही स्कॅनरच.

काही स्कॅनरना शेपटीसारखी वायर असते. त्यांना वीज संगणकाकडून मिळते. पण जिथे फिरून काम करायचं आहे, म्हणजे गोदामात, गोठ्यात, जंगलात, तिथे वायर कुठवर ओढणार? तिथे बिनवायरीचा स्कॅनर लागतो आणि त्याला आपली शिदोरी बरोबर घेऊन हिंडावं लागतं. शेतावर जाताना आपण भाकरी फडक्यात बांधून नेतो ना, तसं!

शिदोरी किती, पुरणार किती?

बॅटरीवर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. ते वाचायची सवय लावून घ्या. त्यात दोन आकडे महत्त्वाचे.

पहिला आकडा व्होल्टचा. विजेला किती जोराने ढकललं जातं, ते हा आकडा सांगतो. उंचावरच्या टाकीचं पाणी जोरात येतं आणि बुटक्या टाकीचं हळू येतं, तसंच हे. घड्याळात घालतो तो साधा सेल १.५ व्होल्टचा. त्याच मापाचा पुन्हा चार्ज होणारा निकेलचा सेल १.२ व्होल्टचा. आणि आजच्या बहुतेक बिनवायरी स्कॅनरमध्ये, मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिचा एक सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरला की सहसा ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

दुसरा आकडा मिलिअँपिअर-तासाचा. तो ‘एमएएच’ असा लिहिलेला असतो. टाकीत पाणी किती, हे तो सांगतो. आता एक गणित करू. समजा, स्कॅनरची बॅटरी २४०० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि स्कॅनर सरासरी २०० मिलिअँपिअर वीज खातो. बॅटरी किती तास पुरेल? २४०० भागिले २००. उत्तर १२ तास! सकाळी आठला सुरू केलेला स्कॅनर रात्री आठपर्यंत चालेल.

पण बॅटरी जुनी झाली आणि तिची क्षमता ८० टक्केच उरली, तर? २४०० चे ८० टक्के म्हणजे १९२०. त्याला २०० ने भागलं की ९.६ तास. म्हणजे संध्याकाळी साडेपाच-पावणेसहालाच यंत्र झोपी जाणार. यंत्र बिघडलेलं नाही, शिदोरी आटली आहे.

म्हातारपण कशाने येतं?

“बाई, बॅटरी तर नुसती बसून असते. ती म्हातारी कशी होते?” असं मुलं वर्गात विचारतात. प्रश्न फार चांगला आहे.

लिथियम-आयन बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असतो त्याच जातीचा पदार्थ. दुसऱ्या बाजूला लिथियम आणि दुसऱ्या धातूंचं संयुग. बॅटरी चार्ज करतो तेव्हा लिथियमचे कण, म्हणजे आयन, ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. यंत्र चालू केलं की ते परत दुसऱ्या बाजूला यायला निघतात.

आता यात गंमत अशी, की लिथियमचे आयन बॅटरीच्या आतल्या द्रावातून जाऊ शकतात, पण इलेक्ट्रॉनना तो रस्ता बंद असतो. समजा, डोंगरात एक बोगदा आहे. आयन बोगद्यातून पलीकडे जातात आणि इलेक्ट्रॉनना मात्र घाटरस्त्याने वळसा घालून जावं लागतं. तो घाटरस्ता म्हणजेच स्कॅनरमधली तार. जाता जाता ते दिवा पेटवतात, आवाज काढतात, क्रमांक पाठवतात. घाटातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची ही दिंडी म्हणजेच वीज!

प्रत्येक फेरीत थोडे आयन ग्रॅफाइटवर साचणाऱ्या एका पातळ थरात अडकून बसतात. ते पुन्हा परत येत नाहीत. म्हणून दर फेरीला प्रवासी थोडे थोडे कमी होतात. साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर बऱ्याच बॅटऱ्यांची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. आणि बॅटरी वापरली नाही, नुसती ठेवली, तरी हे अडकणं हळूहळू चालूच राहतं. उन्हात ठेवली तर जास्तच वेगाने.

पूर्ण फेरी म्हणजे काय, तेही समजून घ्या. आज अर्धी बॅटरी वापरून भरली आणि उद्या पुन्हा अर्धी वापरून भरली, तर ती दोन दिवसांत मिळून एक फेरी झाली.

या बॅटरीचा शोध लावणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळी गुडइनफ आजोबा किती वर्षांचे होते, माहीत आहे? ९७ वर्षांचे! नोबेल मिळवणाऱ्यांत इतक्या वयाचं तोवर कुणीच नव्हतं.

शिदोरी कशी जपावी?

मोठ्यांसाठी आणि छोट्यांसाठी हे नियम सारखेच आहेत.

१. ऊन टाळा. स्कॅनर जीपच्या काचेपाशी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर ठेवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. बॅटरीला उष्णतेइतका वैरी दुसरा नाही. गरम झालेलं यंत्र आधी सावलीत निवू द्यावं, मग चार्जिंगला लावावं.

२. पार तळ गाठू देऊ नका. “पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर,” असं जुनी माणसं सांगतात. ते जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या बाबतीत खरं होतं. लिथियमला मात्र मधूनमधून थोडं थोडं खायला दिलेलं आवडतं. २०-२५ टक्के उरली की चार्जिंगला लावलेली बरी.

३. चार्जर ज्याचा त्यालाच. पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर लावू नये. यंत्रावर लिहिलेले व्होल्ट आणि चार्जरवर लिहिलेले व्होल्ट जुळले पाहिजेत.

४. ठेवणीतली बॅटरी अर्धी भरलेली असावी. स्कॅनर महिना-दोन महिने वापरायचा नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. दोन-तीन महिन्यांनी बघून थोडी भरावी. आणि ज्या स्कॅनरला साधे सेल लागतात, त्यातले सेल तर काढूनच ठेवावेत. नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्यांवर पांढरी पूड जमते. ती पूड हाताला लागू देऊ नका. मोठ्या माणसांना सांगा.

५. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. नवा बैल आणि थकलेला बैल एकाच जुवाला जुंपला तर दोघांचेही हाल होतात. सेलचंही तसंच. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे.

६. पट्ट्या स्वच्छ ठेवा. स्कॅनर आपल्या बैठकीवर ठेवून चार्ज करतात, तिथे पितळी किंवा सोनेरी छोट्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर धूळ बसली की वीज आत शिरतच नाही. गोठ्यातली, रस्त्यावरची धूळ तर फार लवकर बसते. यंत्र बंद करून, वायर काढून, कोरड्या सुती फडक्याने त्या पुसाव्यात. पाणी लावू नये.

आधी तपास, मग खरेदी

स्कॅनर चालेना म्हटल्यावर लगेच “बॅटरी गेली!” असं म्हणू नये. आधी हुशार पोलिसासारखा तपास करावा. बैठकीच्या पट्ट्या स्वच्छ आहेत का? चार्जिंगचा दिवा लागतो का? वायर दुसरी लावून पाहिली का? भिंतीतल्या पॉइंटला वीज आहे का? दुसरा तसाच स्कॅनर असेल, तर त्याची बॅटरी यात घालून बघता येईल का? दुसऱ्याच्या बॅटरीवर हा चालला, तर दोष बॅटरीचा. तिच्यावरही चालला नाही, तर दोष यंत्राचा किंवा पट्ट्यांचा. असा तपास केला की पैसे वाचतात आणि चांगली बॅटरी उगाच फेकली जात नाही.

बॅटरी खरंच थकली आहे, हे कशावरून कळतं? पूर्ण भरूनही तास-दोन तासांत उतरते. ३० टक्के दिसत असताना यंत्र अचानक बंद पडतं. चार्ज होताना नेहमीपेक्षा फार गरम होते. अशी लक्षणं दिसली की समजावं, बदलायची वेळ आली.

बदलताना

हे काम मोठ्यांनी करायचं. तुम्ही शेजारी बसून बघायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. पुष्कळ स्कॅनरमध्ये मुठीच्या खालच्या टोकाला झाकण असतं. ते खटक्याने किंवा एका स्क्रूने उघडतं. सगळं कवचच उघडावं लागत असेल, तर मात्र दुरुस्ती करणाऱ्याकडे जावं.

स्कॅनर बंद करावा आणि बैठकीवरून काढून घ्यावा. झाकण उघडलं की आधी जुनी बॅटरी कशी बसली आहे, तारा कुठल्या बाजूने गेल्या आहेत, याचं चित्र काढून ठेवावं. हे काम तुमचं! तुमच्यापेक्षा चांगलं चित्र कोण काढणार?

मग जुनी आणि नवी बॅटरी शेजारीशेजारी ठेवून लेबल वाचावं. व्होल्ट तेवढेच हवेत. आकार आणि जोडणीची पिन तशीच हवी. अधिक आणि उणे खूण त्याच बाजूला हवी. मिलिअँपिअर-तास थोडे जास्त असले तर चालतात. नुसतं टाकीत पाणी जास्त! पण व्होल्ट बदलून चालत नाही. काही बॅटऱ्यांना लाल आणि काळ्याबरोबर तिसरी तारही असते. बऱ्याचदा ती बॅटरीचं तापमान यंत्राला सांगते. दोन तारांची बॅटरी मिळाली म्हणून तिसरी तार तशीच मोकळी सोडायची, असं करू नये.

पिन काढताना तार ओढू नये, पिनेचं प्लॅस्टिक धरून अलगद काढावं. नवी बसवताना तार झाकणात चिमटणार नाही, हे बघावं. मग स्कॅनर एकदा पूर्ण चार्ज करावा. बिनवायरी स्कॅनर कधीकधी आपल्या बैठकीला विसरतो. अशा वेळी पुष्कळ यंत्रांत बैठकीवरच छापलेला बारकोड वाचला की त्यांची पुन्हा ओळख पटते. शेवटी एखादी बिस्किटाची पुडी समोर धरायची. टुंग! झालं काम.

एक काम मात्र बहुतेक जण विसरतात. एका छोट्या चिकटपट्टीवर आजची तारीख लिहून ती बॅटरीवर लावायची. दोन वर्षांनी कुणी विचारलं, “ही बॅटरी कधी घातली होती?” तर बॅटरीच उत्तर देईल.

फुगलेल्या बॅटरीला सलाम, पण लांबून!

पुरी फुगली तर छान, पण बॅटरी फुगली तर धोका! आत बिघाड होऊन वायू तयार झाला की बॅटरी फुगते. झाकण वर उचललं जातं, स्कॅनर नीट बंद होत नाही. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका. तिला भोक पडलं तर क्षणात पेट घेऊ शकते. गंमत म्हणून खिळा मारून बघण्याची ही वस्तू नव्हे. मोठ्या माणसांना हाक मारा. वायर काढून टाकायची आणि कागद, कपडे, चारा यांच्यापासून दूर, मोकळ्या हवेत, फरशीवर ठेवायची. धूर येऊ लागला तर जवळ कुणीही थांबायचं नाही. ११२ क्रमांकावर फोन करून मदत मागायची.

चिपला उपाशी राहणं कसं जमतं?

आता पुन्हा त्या तांदळाच्या दाण्याकडे येऊ. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. ऊस वाढला, धरणांचं पाणी आलं आणि बिबट्यांना उसात राहायला जागा मिळाली. जुन्नरजवळ माणिकडोह इथे बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. पकडलेल्या किंवा जखमी बिबट्यांना तिथे आणतात. एक बिबट्या दुसऱ्यासारखाच दिसतो, असं आपल्याला वाटतं. मग हा आधी पकडलेला की नवा, हे ठरवायला चिप फार उपयोगी पडते.

चिपच्या काचेच्या नळीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. स्कॅनरमध्येही एक मोठं वेटोळं असतं. स्कॅनर सुरू केला की त्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते सेकंदाला १ लाख ३४ हजार २०० वेळा उलटसुलट होतं. असं बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेच्या वेटोळ्यात वीज जागवतं, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं होतं. चिपच्या वेटोळ्यात तेवढ्यापुरती चिमूटभर वीज जागी होते, चिप आपला १५ आकडी क्रमांक सांगते आणि स्कॅनर दूर नेला की पुन्हा झोपते.

म्हणजे चिपला स्वतःची शिदोरी लागतच नाही. ती पाहुण्याकडे जेवते! म्हणूनच ती प्राण्याच्या अंगात वर्षानुवर्षं टिकते. गळ्यातल्या पट्ट्याचं तसं नसतं. त्याला दिवसरात्र निरोप पाठवायचे असतात, म्हणून त्याची बॅटरी कधी ना कधी संपते. आजोबाचीच गोष्ट आठवा. त्याचा प्रवास आपल्याला पट्ट्याने दाखवला, पण अडीच वर्षांनंतर त्याची ओळख पटवून दिली ती चिपने. आणि ती बोलू शकली, कारण कुणाच्या तरी हातातल्या स्कॅनरची बॅटरी त्या दिवशी भरलेली होती. बॅटरी जपणारा माणूस कधी चित्रपटात दिसत नाही, पण काम त्याच्यावाचून अडतं.

आपल्या घरची ‘बॅटरी’

आमच्या भागात ‘बॅटरी’ म्हटलं की पुष्कळ जण टॉर्च समजतात. “अरे, बॅटरी घे बरोबर,” असं आजी सांगते ती टॉर्चबद्दलच. आणि ते फार महत्त्वाचं आहे! रात्री उसाला पाणी द्यायला जाणारे बाबा, पहाटे गोठ्यात धार काढायला जाणारी आई, यांच्या हातात उजेड असलाच पाहिजे. बिबट्याच्या भागात अंधारात एकट्याने जायचं नाही, बोलत, चार जणांनी मिळून जायचं आणि टॉर्च पेटवून जायचं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ऐन वेळी तो टॉर्च मिणमिणला तर?

आपण आताच शिकलेले सगळे नियम टॉर्चलाही लागू आहेत. उन्हात ठेवू नका. पार उतरू देऊ नका. पिनेतली माती पुसा. पूर्ण भरल्यावर किती वेळ उजेड देतो, ते महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघा. दोन तास देणारा टॉर्च एकच तास देऊ लागला, तर घरात सांगा. टॉर्चची चौकशी करण्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. घरातल्या माणसांच्या जिवाची काळजी घेणारं हे काम आहे, त्याला लहान समजू नका.

म्हातारी बॅटरी कुठे जाते?

उकिरड्यात नको, चुलीत तर नकोच नको, आणि विहिरीत किंवा ओढ्यातही नको. बॅटरीतले धातू आणि रसायनं मातीत-पाण्यात गेली तर ती शेवटी आपल्याच ताटात येतात. शिवाय कचऱ्याच्या ढिगात दबलेली लिथियम बॅटरी आग लावू शकते. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, ते हेच सांगतं.

आपल्या देशात २०२२ साली बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. बॅटरी बनवणाऱ्यांनी आणि आयात करणाऱ्यांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यातले धातू पुन्हा वापरात आणायची जबाबदारी घ्यायची, असं हे नियम सांगतात. तेव्हा नवी बॅटरी घेताना दुकानदाराला विचारा, “काका, जुनी परत घेता का?” पाच मुलांनी विचारलं तर काका हसतील. पन्नास मुलांनी विचारलं तर दुकानात पेटी ठेवतील! देण्याआधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावायला विसरू नका. म्हणजे एकीचं टोक दुसरीला लागून ठिणगी पडणार नाही.

करून पाहा

या रविवारी घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांची शिरगणती करा. भिंतीवरचं घड्याळ, रिमोट, टॉर्च, मोबाईल, फवारणीचा पंप, सगळं मोजा. वहीत रकाने आखा: वस्तू, बॅटरीची जात, व्होल्ट, मिलिअँपिअर-तास, कधी घातली, किती तास चालते. फोडायचं, खरवडायचं काही नाही. बाहेरून दिसतं तेवढंच वाचायचं.

सोबत आणखी एक खेळ. घरातल्या दहा वस्तूंचे बारकोड बघा. किती जणांचे आकडे ८९० ने सुरू होतात? हा क्रमांक भारतातल्या संस्थेकडून नोंदवून घेतलेला असतो. वस्तू भारतातच तयार झाली असेल, असा मात्र त्याचा अर्थ नाही!

पालकांनो, मुलांच्या या वहीवर तुमचीही एकदा सही होऊ द्या. आणि मुलांनो, शिरगणती झाली की सोमवारी वही वर्गात न्या. सर्वांत म्हातारी बॅटरी कुणाच्या घरी निघते, ते बघू या!